जुनी डिझायर की जुनी इटिऑस? डिझेल सेडानचे आकडे वाचायची आणि गाडी तपासायची रीत

वापरलेली डिझेल सेडान घ्यायला निघालेल्या माणसापुढे आपल्याकडे दोन नावं हमखास येतात: मारुतीची स्विफ्ट डिझायर आणि टोयोटाची इटिऑस. जालना रोडच्या डीलरकडे जा, नाहीतर लातूरच्या एजंटला फोन लावा, या दोन्ही गाड्या दाखवल्या जातात. नवखा माणूस मग मोबाइलवर दोघींचे स्पेसिफिकेशन शेजारी-शेजारी उघडतो आणि ज्या रकान्यात मोठा आकडा दिसेल त्या गाडीला गुण देत सुटतो. त्या रकान्यांतले आकडे शोरूममधून बाहेर पडलेल्या कोऱ्या गाडीचे असतात. तुमच्यापुढे उभी असलेली गाडी दहा-बारा वर्षं वापरलेली आहे. त्यामुळे आधी कुठला फरक खरंच जाणवतो ते ओळखायचं, आणि मग तो फरक समोरच्या गाडीत शिल्लक आहे का ते तपासायचं.

इथे धरलेली डिझायर म्हणजे फेब्रुवारी २०१२ ला आलेली दुसरी पिढी, जी मे २०१७ मध्ये नवीन आकार येईपर्यंत विकली गेली. इटिऑसचं डिझेल इंजिन २०११ मध्ये आलं आणि बीएस ६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाल्यावर, २०२० मध्ये ही गाडीच बंद झाली.

पायरी १: दोन्ही गाड्यांचे आकडे एका मापात आणा

डिझायरचं इंजिन १२४८ सीसीचं, १६ व्हॉल्व्हचं. ताकद ७५ पीएस, ४००० आरपीएमला. टॉर्क १९० न्यूटन मीटर, २००० आरपीएमला. इटिऑसचं १३६४ सीसी, ८ व्हॉल्व्ह, ६८ पीएस ३८०० आरपीएमला, आणि टॉर्क १७० न्यूटन मीटर, तो १८०० ते २४०० च्या पट्ट्यात. गिअर दोन्हींना पाचच.

काही जाहिरातींत डिझायरला ७४ आणि इटिऑसला ६७ लिहिलेलं सापडेल. तो बीएचपीचा आकडा आहे. एक पीएस म्हणजे ७३५.५ वॅट आणि एक बीएचपी म्हणजे ७४५.७ वॅट. एका गाडीचा आकडा पीएसमध्ये आणि दुसरीचा बीएचपीमध्ये धरला तर नसलेला फरक दिसतो, म्हणून आधी एकक बघा.

सीसीवरून ताकद ठरवू नका. इथे मोठं इंजिन इटिऑसचं आहे आणि जास्त ताकद डिझायरची. इंजिनातून किती दम काढायचा हे टर्बो आणि फ्युएल सिस्टिम कशी लावली आहे त्यावर ठरतं. इटिऑसचं इंजिन टोयोटाने मुद्दाम सौम्य ठेवलेलं आहे.

आता ज्यावर खरा वाद होतो तो टॉर्क. १९० आणि १७० मध्ये २० चा फरक दिसतो, पण तो टॉर्क किती आरपीएमला मिळतो हेही बघावं लागतं. हिशेब सोपा आहे: न्यूटन मीटरला आरपीएमने गुणा आणि ७१२० ने भागा, त्या क्षणी इंजिन किती बीएचपी देतंय ते कळतं. २००० आरपीएमला डिझायर सुमारे ५३ बीएचपी देते, इटिऑस सुमारे ४८. म्हणजे टर्बो पूर्ण भरलेला असताना डिझायर पुढे आहे. पण २००० च्या खाली आलात की डिझायरचं इंजिन एकदम मरगळतं. डिझायरच्या या मल्टिजेट इंजिनाच्या टर्बो लॅगला (टर्बो भरायला लागणाऱ्या वेळाला) सगळेच नावं ठेवतात. गतिरोधकावरून दुसऱ्या गिअरमध्ये गाडी उचलायची असेल तर डिझायर क्षणभर विचार करते आणि मग झटक्यात निघते. इटिऑसमध्ये तो झटकाही नाही आणि तो खड्डाही नाही, ती सरळ चढत जाते. बाजारपेठेत, ट्रॅक्टरच्या मागे, कमी वेगात सतत गिअर बदलायचा कंटाळा असणाऱ्याला इटिऑस सोपी जाते. धुळे-सोलापूर महामार्गावर ट्रक ओलांडायचा असेल तर तिसऱ्या-चौथ्या गिअरमधली डिझायर जास्त आत्मविश्वास देते.

पायरी २: वजन मिळवून बघा

नुसती ताकद अर्धीच गोष्ट सांगते. आरसीवर गाडीचं रिकामं वजन छापलेलं असतं. व्हेरिएंटप्रमाणे ते वीस-तीस किलोंनी बदलतं, त्यामुळे नेटवरच्या आकड्यापेक्षा समोरच्या गाडीच्या आरसीवरचाच आकडा घ्या. हिशेबापुरती डिझायर १०७० किलो आणि इटिऑस १०२० किलो धरू.

टनामागे डिझायरला ६९ बीएचपी आणि इटिऑसला ६६ बीएचपी पडतात. सात बीएचपीचा फरक तीनवर आला. आता पाच माणसं आणि बॅगा, म्हणजे साधारण ३७५ किलो, दोन्हीत घाला. आकडे ५१ आणि ४८ होतात. मांजरसुंब्याच्या किंवा कन्नडच्या घाटात भरलेली गाडी नेताना दोघींनाही गिअर खाली घ्यावाच लागणार. तीन बीएचपीचा फरक एक तुंबलेला एअर फिल्टर सहज खाऊन टाकतो. म्हणून या दोन गाड्यांत केवळ ताकदीवरून निवड करणं चूक आहे. ताकदीचा आकडा पुढे दुसऱ्या कामाला येतो: समोरची गाडी आजारी आहे का ते ओळखायला.

पायरी ३: जागेचा फरक मात्र खरा आहे

इंजिनाचे आकडे झिजतात, लांबी-रुंदी झिजत नाही. डिझायरची लांबी ३९९५ मिमी आहे. चार मीटरच्या आतल्या गाडीला अबकारी कर कमी लागायचा, म्हणून दुसऱ्या पिढीत तिची डिकी कापली. इटिऑस ४२६५ मिमी, म्हणजे २७० मिमी लांब. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर डिझायरचं २४३० आणि इटिऑसचं २५५० मिमी. डिकी डिझायरची ३१६ लिटर, इटिऑसची ५९२ लिटर.

लग्नाचा बस्ता बांधून निघालेल्या घराला हा फरक पहिल्याच फेरीत कळतो. इटिऑसच्या मागच्या सीटपुढची फरशी जवळपास सपाट आहे, त्यामुळे मधल्या माणसाला पाय ठेवायला जागा मिळते. डिझायरच्या मधल्या प्रवाशाचे गुडघे वर येतात. मागे एसीचं व्हेंट दोन्हींत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या वर असताना मागे बसणाऱ्या आई-वडिलांचा विचार करणार असाल, तर एसीची तपासणी दुपारी दोन वाजताच करा, सकाळी नको.

जमिनीपासूनची उंची दोघींची १७० मिमी सांगतात. ती रिकाम्या गाडीची. मागे तीन माणसं आणि इटिऑसची एवढी मोठी डिकी भरली की मागचा भाग बसतो आणि गावाकडच्या उंच गतिरोधकावर सायलेन्सर घासतो. डिकी मोठी आहे म्हणून त्यात खताची पोती भरायची नाहीत. वळण्याची त्रिज्या डिझायरची ४.८ मीटर, इटिऑसची ४.९, त्यात बघण्यासारखं काही नाही. ब्रेक दोन्हींना पुढे डिस्क, मागे ड्रम.

पायरी ४: एव्हरेजचा आकडा कापून घ्या

गाड्यांची अधिकृत चाचणी घेणाऱ्या अराई संस्थेचा आकडा डिझायरचा लिटरला २३.४ किमी (२०१५ च्या बदलानंतर २६.५९) आणि इटिऑसचा २३.५९ किमी. प्रयोगशाळेतला आकडा आहे तो. एसी लावून, भरलेल्या गाडीत, आपल्या रस्त्यांवर दोन्ही गाड्या नीट असतील तर १७ ते २० च्या दरम्यान देतात. विकणारा "बावीसचं एव्हरेज आहे" म्हणाला तर मान डोलवा आणि १८ धरा.

पैशात बघू. महिन्याला हजार किलोमीटर रनिंग, १८ च्या एव्हरेजला साडेपंचावन्न लिटर, २० ला पन्नास लिटर. डिझेल ९० रुपयांच्या आसपास धरलं तर महिन्याला पाचशे रुपयांचा फरक. एक खराब इंजेक्टर दोन-तीन वर्षांचा हा सगळा फरक एका दिवसात गिळतो. टाकी डिझायरची ४२ लिटरची, इटिऑसची ४५ ची. छत्रपती संभाजीनगरहून निघून पुण्याला जाऊन परत यायला दोन्ही पुरतात.

खरं तर ज्याचं महिन्याचं रनिंग पाचशे-सातशेच्या वर जात नाही त्याने जुनी डिझेल घेऊच नये. पेट्रोल घ्यावी. डिझेलच्या दुरुस्त्या महाग असतात आणि उभी राहणारी डिझेल गाडी जास्त त्रास देते.

पायरी ५: गाडी बघायला जाण्याआधी कागद

गाडीचा नंबर मागून घ्या आणि परिवहन खात्याच्या अ‍ॅपवर टाका. कोणत्या आरटीओचं पासिंग आहे ते नंबरवरूनच कळतं: एमएच २० छत्रपती संभाजीनगर, २१ जालना, २२ परभणी, २३ बीड, २४ लातूर, २५ धाराशिव, २६ नांदेड, ३८ हिंगोली, ४४ अंबाजोगाई, ५५ उदगीर.

या दोन गाड्यांच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचा रकाना वाहनाच्या वर्गाचा. डिझायर आणि इटिऑस दोन्ही टॅक्सीत प्रचंड चालल्या. पिवळ्या पाटीची गाडी कायदेशीर रीतीने पांढऱ्या पाटीवर आणता येते, त्यात गैर काही नाही, पण ती गाडी तीन लाख किलोमीटर पळालेली असू शकते आणि मीटर मात्र ८० हजार दाखवतं. मालकांचा क्रम बघा, पहिली नोंदणी कोणत्या नावावर होती ते विचारा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडीच्या नंबरावरून जुनी नोंद मागा, प्रत्येक सर्व्हिसचं किलोमीटर त्यात असतं. २०१६ ला दीड लाख आणि आज ९० हजार असं निघालं तर पुढे बोलायचंच नाही.

बोजा चढलेला आहे का तेही तिथेच दिसतं. कर्ज फिटलं असं तोंडी सांगून भागत नाही. बँकेचं ना-हरकत पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात पाहिजे.

दिल्ली पासिंगची स्वस्त डिझेल गाडी दाखवली तर ती स्वस्त का ते समजून घ्या. दिल्ली आणि आसपासच्या पट्ट्यात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीचे आदेश निघाले, म्हणून तिकडच्या गाड्या एनओसी घेऊन इकडे येतात. उदगीर-देगलूर भागात तेलंगण आणि कर्नाटक पासिंगच्याही बऱ्याच असतात. कुठल्याही परराज्यातल्या गाडीला तिथल्या आरटीओची एनओसी, इथे नव्याने नोंदणी आणि महाराष्ट्राचा रस्ता कर लागतो. हा खर्च किमतीत मिळवल्याशिवाय तुलना करू नका. सौदा स्वस्त वाटतो तो याच खर्चामुळे पुन्हा बरोबरीला येतो.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. २०१२ ची गाडी २०२७ मध्ये फेरतपासणीला जाणार आणि त्यासोबत पर्यावरण करही भरावा लागणार. दोन गाड्यांत चार वर्षांचा फरक असेल तर पन्नास हजारांचा फरक वाजवी वाटू शकतो.

पायरी ६: थंड इंजिन

विकणाऱ्याला आधीच सांगा, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचलात की आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर चहा घ्या, तास-दीड तास थांबा, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी या. थंड इंजिन पहिल्या काही सेकंदांत सगळं सांगून टाकतं.

चालू करायच्या आधी दोन गोष्टी. कूलंटच्या टाकीचं झाकण उघडा (गरम इंजिनावर हे कधीच करू नका). आत हिरवा, गुलाबी किंवा लाल स्वच्छ द्रव पाहिजे. गंजाच्या रंगाचं पाणी असेल तर आधीच्या मालकाने बोअरचं पाणी ओतलेलं आहे. आपल्या भागातलं बोअरचं पाणी जड, क्षाराचं. रेडिएटरच्या बारीक नळ्यांत त्याचा थर बसतो, हिवाळ्यात काही कळत नाही आणि मे महिन्यात घाटात इंजिन तापतं. मल्टिजेट तापून एकदा हेड गॅस्केट गेलं की खर्च मोठा. कूलंटवर तेलाची साय तरंगत असेल किंवा तेलाच्या झाकणाखाली दुधाळ फेस असेल तर गाडी तिथेच सोडा.

दुसरी गोष्ट डिपस्टिक. डिझेलचं तेल काळं असतंच, त्याला घाबरू नका. ते कमी आहे का ते बघा. मल्टिजेटमध्ये जेमतेम तीन लिटर तेल बसतं. त्यातलं अर्धा लिटर कमी असणं म्हणजे सहावा हिस्सा गायब, आणि टर्बो, टायमिंग चेन दोन्ही याच तेलावर जगतात.

आता चालू करा आणि कान इंजिनाच्या टायमिंग चेनच्या बाजूला ठेवा. दोन्ही इंजिनांना बेल्ट नाही, चेन आहे. "चेन आयुष्यभर चालते" हे तेल वेळेवर बदललेल्या गाडीबद्दल खरं आहे. दहा हजार किलोमीटरची सर्व्हिस वीस-पंचवीस हजारांवर ढकललेल्या डिझायरमध्ये चेन ताणली जाते. सुरू करताना दोन-तीन सेकंद साखळी पत्र्यावर घासल्यासारखा खडखडाट येतो आणि तेलाचा दाब आला की थांबतो. असा आवाज असेल तर चेन किटचा खर्च मालकासमोर मांडा आणि किमतीतून वजा करा. खडखडाट गाडी गरम झाल्यावरही चालूच असेल तर घेऊ नका, चेन सुटली तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन भिडतात.

इटिऑसचा आवाज मुळातच मोठा आहे. केबिनमध्ये आवाज अडवणारं साहित्य कमी, इंजिनाचं टकटक आत येतं, उभी असताना गिअरचा दांडा थरथरतो. डिझायर चालवून लगेच इटिऑसमध्ये बसलेल्या नवख्याला ती खराबच वाटते. तो आजार नाही. एका सुरात टकटक असेल तर ठीक, मध्येच एक ठोका चुकत असेल तर इंजेक्टर बघावे लागतील.

इंजिन चालू असताना तेलाचं झाकण सैल करून वर नुसतं ठेवा. थोडं हललं तर चालेल. उडून पडलं किंवा आतून फुसफुस धूर आला तर पिस्टन रिंग झिजल्या आहेत, दाब खाली गळतोय. धुराचा रंगही बघा: जोरात रेस केल्यावर क्षणभर काळा निघणं जुन्या डिझेलला शोभतं, सतत काळा म्हणजे ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह), एअर फिल्टर किंवा इंजेक्टर. निळसर म्हणजे तेल जळतंय, बहुधा टर्बोतून किंवा रिंगांमधून.

ड्रममधलं डिझेल हा खेड्यापाड्यातल्या गाड्यांचा वेगळाच रोग. ट्रॅक्टरसाठी आणून ठेवलेलं डिझेल अडीनडीला गाडीत ओतलं जातं, त्यात पाणी आणि गाळ असतो, आणि प्रचंड दाबाने डिझेल फवारणाऱ्या कॉमन रेल इंजेक्टरला तो अजिबात सोसत नाही. मिस्त्रीला सांगून डिझेल फिल्टरच्या खालचा ड्रेन ग्लासात सोडा. तळाशी पाण्याचा थर दिसला तर इंजेक्टरची तपासणी केल्याशिवाय पैसे देऊ नका.

पायरी ७: चार माणसं घेऊन चालवा

एकट्याने, रिकाम्या रस्त्यावर घेतलेली टेस्ट ड्राइव्ह काही सांगत नाही. तीन जण सोबत न्या, एसी चालू ठेवा.

टर्बो असा तपासा: दुसऱ्या गिअरमध्ये १२०० आरपीएमपर्यंत खाली या आणि पाय पूर्ण दाबा. डिझायरमध्ये १८०० ते २००० च्या आसपास पाठीला स्पष्ट ढकल लागली पाहिजे. ती ढकल नसेल, गाडी आळशासारखी चढत राहिली आणि सोबत शिट्टीसारखा आवाज असेल, तर टर्बोचा एखादा होज फाटलेला असतो. हे स्वस्तात सुटतं. शिट्टीऐवजी खरखर आणि मागे निळा धूर असेल तर टर्बोच गेला. इटिऑसमध्ये ढकल सौम्यच असते, तिथे सलगपणा बघा, मध्ये कुठे दम तुटतो का.

क्लच: चौथ्या गिअरमध्ये ३० च्या वेगाला पाय जोरात दाबा. आरपीएम वर पळाला आणि वेग तिथेच राहिला तर क्लच प्लेट संपली. टॅक्सीत चाललेल्या गाडीत हे हमखास.

दोन्ही गाड्या एकाच दिवशी बघणार असाल तर ही एक चाचणी कराच. रिकामा सरळ रस्ता, तेवढीच माणसं, एसी बंद. तिसऱ्या गिअरमध्ये ४० चा वेग धरा, पाय पूर्ण दाबून ८० पर्यंत जा. शेजारच्याने मोबाइलवर मीटरचं चित्रीकरण करायचं, स्टॉपवॉचपेक्षा ते अचूक पडतं. तोच रस्ता उलट्या दिशेने पुन्हा, म्हणजे चढ-उताराचा आणि वाऱ्याचा परिणाम निघून जातो, आणि दोन्हींची सरासरी. वजनाच्या हिशेबाप्रमाणे डिझायर किंचित लवकर पोचायला हवी. अर्ध्या सेकंदाच्या फरकाला किंमत देऊ नका. डिझायर इटिऑसच्या दोन सेकंद मागे राहिली तर ती डिझायर आजारी आहे, मग कागदावर तिला कितीही जास्त पीएस असोत. गाडी थांबवून चारही चाकांच्या मधोमध हात जवळ न्या. एकच चाक जास्त तापलं असेल तर ब्रेक चिकटतोय, पिकअप आणि एव्हरेज दोन्ही तोच खातोय.

खराब रस्त्यावर काच खाली करून ४० ने चालवा. पुढून टक-टक आली तर लिंक रॉड किंवा लोअर आर्मचे बुश. डिझायरमध्ये हे नेहमीचं, पार्टही तालुक्याला मिळतात, त्यामुळे घाबरायचं कारण नाही, फक्त भावात धरायचं.

शेवटी उन्हात दहा मिनिटं एसी लावून गाडी उभी ठेवा. इंजिनाचं तापमान चढतंय का बघा. मीटरमध्ये काटा नसेल तर ओबीडी स्कॅनर लावा. ब्लूटूथवाला साधा स्कॅनरही कूलंटचं तापमान आणि लपवलेले फॉल्ट कोड दाखवतो. तापमान शंभरच्या पुढे सरकत राहिलं तर रेडिएटर, पंखा किंवा थर्मोस्टॅट.

पायरी ८: अपघात, पूर आणि टायर

दारांच्या कडेचं रबर ओढून आतल्या वेल्डिंगच्या टिकल्या बघा, कंपनीच्या टिकल्या एकसारख्या गोल असतात. बॉनेटच्या बोल्टवरचा रंग उडालेला असेल तर ते कधीतरी खोललं आहे. सगळ्या काचांवरचे शिक्के जुळतात का बघा. एखादी काच बदललेली असणं गुन्हा नाही, पण का बदलली ते विचारा.

सप्टेंबर २०२५ च्या पुरानंतर आणखी एक तपासणी वाढली आहे. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा, तळाच्या पट्ट्यावर मातीची रेघ दिसते का बघा. सीटच्या पटऱ्यांखाली गंज, स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ, हेडलाइटच्या आत पाण्याची रेघ. काळ्या मातीचा गाळ वायरिंगच्या कनेक्टरमध्ये शिरला की वर्षभराने एकेक बिघाड निघत राहतो. अशी गाडी निम्म्या भावातही महागच.

किल्ली ऑनवर आणली की एबीएस आणि एअरबॅगचे दिवे लागून काही सेकंदांत विझले पाहिजेत. विझलेच नाहीत तर बिघाड. लागलेच नाहीत तर एक तर त्या व्हेरिएंटमध्ये ती सोय नाही, नाहीतर कुणीतरी दिवा काढून टाकला आहे. सगळ्यात वरच्या झेडडीआय डिझायरमध्ये दोन्ही मिळतात, खालच्या व्हेरिएंटमध्ये गृहीत धरू नका. २०१६ च्या प्लॅटिनम इटिऑसमध्ये दोन्ही एअरबॅग आणि एबीएस सगळ्या प्रकारांत दिलेले आहेत. त्याच वर्षी ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या टक्कर चाचणीत इटिऑसला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी चार तारे मिळाले. २०१४ मध्ये एअरबॅग नसलेल्या स्विफ्टला शून्य मिळाला होता. घरात लहान मुलं असतील आणि बजेट पोचत असेल, तर २०१६ नंतरची इटिऑस हा आमच्या मते या यादीतला सगळ्यात शहाणा सौदा.

टायरच्या बाजूवर चार अंकी आकडा असतो. ३११९ म्हणजे २०१९ चा एकतिसावा आठवडा. सहा वर्षांवरचा टायर नक्षी चांगली दिसली तरी बदला, विशेषतः समृद्धी महामार्गावर १२० च्या वेगाने, तापलेल्या काँक्रीटवर जाणार असाल तर. साइजही जुळवा: डिझायरच्या व्हीडीआयला १६५/८० आर १४, झेडडीआयला १८५/६५ आर १५. दोन्हींचा बाहेरचा व्यास जवळपास सारखा, ६२० मिमीच्या आसपास. कुणी शौकाने दुसरी साइज टाकली असेल तर मीटरवरचा वेग आणि किलोमीटर दोन्ही चुकतात, मग एव्हरेजही खोटंच निघतं.

पायरी ९: पार्ट, भाव आणि नावावर करणं

डिझायरचं मल्टिजेट इंजिन मुळात फियाटचं. स्विफ्ट, रिट्झ, एर्टिगापासून टाटाच्या व्हिस्टा-मांझापर्यंत तेच कुटुंब. त्यामुळे केज काय नि किनवट काय, ते खोललेला मिस्त्री सापडतो आणि डुप्लिकेट-ओरिजिनल दोन्ही पार्ट दुसऱ्या दिवशी येतात. इटिऑसचे पार्ट बहुतेक वेळा जिल्ह्याच्या ठिकाणाहून मागवावे लागतात. गाडी कमी बिघडते, पण बिघडली की दोन दिवस उभी राहते. घरात दुसरं वाहन नसेल तर हा मुद्दा सात पीएसपेक्षा मोठा आहे. विकायला काढाल तेव्हाही डिझायरला गिऱ्हाईक लवकर लागतं.

इसार दिला की पावतीवर इंजिन नंबर आणि चेसिस नंबर लिहून घ्या, आणि ते आरसीशी व गाडीवरच्या कोरीव नंबरांशी स्वतः जुळवा. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या समोरासमोर. दुसऱ्या आरटीओचं पासिंग असेल तर एनओसीचा फॉर्म २८. ई-चलान सगळी भरून घ्या, न भरलेली चलानं असतील तर नाव चढत नाही. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवलेली आहे का तेही बघा.

विमा गाडीबरोबर येतो, पण १४ दिवसांत तो आपल्या नावावर करायला कंपनीला कळवावं लागतं. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तेवढा हप्ता वाढतो. नाव चढायच्या आधी अपघात झाला तर दाव्याच्या वेळी वाद होतो, म्हणून त्या दोन आठवड्यांत लांबचा प्रवास टाळा.

किमतीचा दहावा हिस्सा पहिल्या सर्व्हिससाठी बाजूला ठेवून मगच आकडा कबूल करा. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, ब्रेक ऑइल सगळं बदला, "आत्ताच केलंय" यावर विश्वास न ठेवता. जुनं कूलंट पूर्ण काढा, डिस्टिल्ड पाण्याने एकदा धुऊन घ्या, मग कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं भरा. त्यानंतर एकाच पंपावर टाकी पहिल्या कटऑफपर्यंत भरा, ट्रिप मीटर शून्य करा, चारशे किलोमीटर चालवून त्याच पंपावर पुन्हा तितकीच भरा आणि किलोमीटरला लिटरने भागा. १६ च्या खाली आलं तर टायरची हवा, चिकटलेले ब्रेक आणि इंजेक्टर, याच क्रमाने बघत जा.